घरखर्चाची वही : लेकीच्या रायफलीचे छर्रे

मैत्रिणींनो, घरखर्चाच्या वहीत दूध, किराणा, गॅस, शिकवणी, पाहुणेरावळे असे रकाने आपण वर्षानुवर्षं आखत आलो. त्या ओळीत एक दिवस ‘छर्रे’ असाही रकाना आखावा लागेल, असं आपल्या सासूबाईंना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी कपाळाला हात लावला असता! पण आज कोल्हापूर, पुणे, पनवेल, नाशिक इकडच्या कितीतरी घरांत हा रकाना खरोखरच आहे. लेक शाळेतून येते, दोन घास पोटात ढकलते आणि रेंजवर पळते. आणि महिनाअखेरीस आई वही उघडून बसते.

इचलकरंजीच्या एका भगिनीनं याच विषयावर सविस्तर पत्र पाठवलं आहे. थोरली मुलगी आठवीत, एअर रायफलच्या शालेय संघात निवडली गेलेली. धाकटा अवघा दोन वर्षांचा. यजमानांचा पगार बेताचा. रायफल क्लबची मिळते, कोट मैत्रिणीचा वापरलेला मिळाला, पण छर्रे दर महिन्याला विकत घ्यावे लागतात. नातीच्या कौतुकापोटी आजोबांनी पेठेतल्या एका दुकानातून अर्ध्या किमतीत चार डबे आणले. रेंजवरच्या सरांनी एक डबा उघडून पाहिला आणि चारही परत पाठवले. “इथे हे चालणार नाहीत” एवढंच म्हणाले. घरी आजोबा रुसले, यजमान म्हणाले, असले नखरे असतील तर खेळच बंद करा. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. बाई विचारतात, “ताई, स्वस्तातले छर्रे का चालत नाहीत? आणि चालतील असे स्वस्त छर्रे मिळतच नाहीत का?”

मिळतात. पण त्यासाठी आधी ‘का चालत नाहीत’ हे नीट समजून घ्यायला हवं. सरांनी ते समजावून सांगितलं असतं तर आजोबांचा मान राहिला असता, हेही इथेच म्हणून टाकते.

छर्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जत्रेतला फुग्यांचा फळा येतो. दहा रुपयांत पाच छर्रे, फुटला फुगा तर फुटला. तुमच्या मुलीचा खेळ त्याच जातीचा असला तरी त्यातलं मोजमाप ऐकलंत तर चकित व्हाल. नेम धरायचा तो १० मीटरवरून. निशाणावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, साधारण मसुराच्या दाण्याएवढा. छर्ऱ्याच्या भोकाची कड त्या ठिपक्याला नुसती शिवली तरी दहा गुण. मोठ्या स्पर्धांत असे ६० नेम ७५ मिनिटांत धरायचे. २०१८ पर्यंत बायकांना ४० नेम असत, त्यानंतर पुरुषांइतकेच ६० झाले. पनवेलला स्वतःची अकादमी चालवणाऱ्या सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवले होते, म्हणजे चाळीसच्या चाळीस छर्रे त्या ठिपक्याला शिवले! इतक्या बारीक खेळात छर्रा वेडावाकडा असून चालणार नाही, हे तुम्हीही कबूल कराल.

चांगला छर्रा डमरूच्या आकाराचा असतो. पुढचं तोंड सपाट, मधे कंबर बारीक, मागे घागऱ्यासारखा पोकळ घेर. सपाट तोंडामुळे कागदावर पंचिंग मशीनने पाडल्यासारखं स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुणांवरून वाद होत नाहीत. गोल डोक्याचे छर्रे कागद फाडतात, त्यामुळे भोकाची कड नेमकी कुठे आहे ते कळत नाही. ते शिशाचे असतील तर धोकादायक नाहीत, पण निशाणाच्या सरावाला बरेच क्लब ते नकोच म्हणतात.

खरा प्रश्न आहे तो धातूचा. आंतरराष्ट्रीय नियम असा की छर्रा शिशाचा किंवा तशाच मऊ धातूचा असावा. यामागचं कारण सरळ आहे. बंद खोलीतल्या रेंजवर निशाणामागे पोलादी पेटी असते, तिच्या आत तिरकी पत्री. मऊ शिसं त्या पत्रीवर आपटलं की चपटं होऊन खाली पडतं. पोलादाची गोळी मात्र चपटी होत नाही. ती टणकन उलटते, आणि दहा मीटरवर उभ्या असलेल्या मुलींच्या दिशेनं येते. उघड्या माळावर ती गवतात कुठेतरी गेली असती. चार भिंतींच्या आत तिला जायला जागा कुठे? कुणाचा डोळा गेला तर काय करायचं? शिवाय रायफलीच्या नळीत आतून बारीक पेचदार खाचा असतात. मऊ शिसं त्या खाचा धरून फिरत फिरत सरळ जातं. पोलाद त्या खाचाच खरवडून टाकतं. नळी बिघडली म्हणजे रायफल बिघडली, आणि ती क्लबची असेल तर भरपाई कोण देणार? आजकाल जिथे इलेक्ट्रॉनिक निशाणं आहेत तिथे तर कडक छर्ऱ्याने होणारं नुकसान आपल्या वर्षभराच्या किराण्यावर जाईल.

तेव्हा सरांचा नियम नखरा नव्हे. दुकानात गेलात की पुढचे प्रकार हातातही घेऊ नका. एक, गोल गुळगुळीत गोळ्या. त्या पोलादाच्या असतात, वरून तांब्याचा मुलामा असल्यामुळे दिसायला मात्र छान झळकतात. दोन, पुढे पोलादी टोक बसवलेले टोकदार छर्रे. तीन, ‘शिसेविरहित’ म्हणून विकले जाणारे कडक मिश्रधातूचे हलके छर्रे. हे काही रेंज चालवून घेतात, काही नाही, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि चौथी गफलत आकड्यांची. डब्यावर ‘०.१७७’ किंवा ‘४.५’ असं छापलेलं हवं. ‘०.२२’ म्हणजे ५.५ मिलिमीटर, तो छर्रा नळीत शिरणारच नाही. घाईत असलेला दुकानदार एकाऐवजी दुसरा डबा बिनदिक्कत हातात ठेवतो.

घरच्या घरी परीक्षा करायची एक सोपी रीत सांगते. फ्रीजच्या दाराला चिकटवलेलं शोभेचं लोहचुंबक असतं ना, ते काढा. चार छर्रे जुन्या वर्तमानपत्रावर ओता आणि लोहचुंबक जवळ न्या. छर्रा चिकटला तर त्यात पोलाद आहे, डबा परत. शिसं चिकटत नाही. पण कडक मिश्रधातूही चिकटत नाही, म्हणून दुसरी परीक्षा वजनाची. रायफलीच्या सपाट छर्ऱ्याचं वजन साधारण अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त, ०.५३ ग्रॅमच्या आसपास असतं. ५०० छर्ऱ्यांचे झाले २६५ ग्रॅम, वर डब्याचं वजन वेगळं. बंद डबाच काट्यावर ठेवा, छर्रे ताटलीत ओतू नका. (का नको ते पुढे सांगते.) पाचशेचा डबा हाताला पिसासारखा हलका लागला तर समजा की आत शिसं नाही. पिस्तुलाचे छर्रे थोडे हलके असतात, तेव्हा डब्यावर रायफल लिहिलंय की पिस्तूल, तेही बघा.

इचलकरंजीच्या बाईंना माझं सांगणं, ही लोहचुंबकाची परीक्षा आजोबांच्याच हातून करवून घ्या. छर्रे चिकटले तर तेच काठी उचलून दुकानात जातील आणि न उघडलेले तीन डबे बदलून आणतील. म्हातारी माणसं तत्त्वाच्या गोष्टीला कधी मागे हटत नाहीत! आणि पुढे छर्ऱ्यांच्या हिशोबाची वही त्यांच्याकडेच सोपवा.

आता पैशांकडे वळू. भाव गावोगाव निराळे, म्हणून मी सोपे आकडे धरते, तुम्ही आपल्या दुकानातले घाला. समजा, सरावाचा साधा सपाट छर्रा ६०० रुपयांना ५०० आहे. म्हणजे एक छर्रा एक रुपया वीस पैशांना. आणि स्पर्धेचा नामांकित परदेशी डबा, आरडब्ल्यूएसचा आर-१० किंवा एच अँड एनचा फिनाले मॅच अशांपैकी, समजा १८०० रुपयांना. म्हणजे एक छर्रा तीन रुपये साठ पैशांना. मुलगी आठवड्यातून पाच दिवस जाते, सुरुवातीचे अंदाजाचे नेम धरून रोज ७५ छर्रे उडवते. चार आठवड्यांत १५०० छर्रे, तीन डबे. सगळे महागाचे घेतले तर ५४०० रुपये. सगळे साधे घेतले तर १८००. तिपटीचा फरक!

इथे दोन टोकाच्या चुका होताना मी बघते. काही घरांत ‘पोरीचं नुकसान नको’ म्हणून पहिल्या दिवसापासून सगळ्यात महाग डबा आणतात, मग चार महिन्यांत दम लागतो आणि खेळ सुटतो. नवशिक्या मुलीचा हात अजून स्थिरावलेला नसतो. तिचा नेम सात-आठवर जातो तो हाताच्या थरथरीमुळे, छर्ऱ्यामुळे नव्हे. तिला तीन रुपये साठ पैशांचा छर्रा देणं म्हणजे पोळी लाटायला शिकणाऱ्या मुलीला बासमतीची पिठी देण्यासारखं आहे. दुसरं टोक म्हणजे स्वस्त म्हणून मिळेल तो डबा, दर महिन्याला वेगळा. यात मुलीला कळतच नाही की चुकतंय कोण, मी की छर्रा? वर्षभर घाम गाळून ती तिथल्या तिथेच राहते. माझ्या मते हे दुसरं नुकसान पहिल्यापेक्षा मोठं, कारण ते वहीत दिसत नाही.

मधला रस्ता असा. सराव साध्या छर्ऱ्यांनी, पण एकाच जातीच्या. स्पर्धेचा डबा दोन महिन्यांतून एक. महिन्याचे १८०० आणि वर सरासरी ९०० धरले तर २७०० रुपयांत भागतं. मात्र स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात सराव स्पर्धेच्याच छर्ऱ्यांनी करायला हवा. छर्रा बदलला की तो निशाणावर पडायची जागाही थोडी सरकते, आणि त्याप्रमाणे रायफलीची नेमपट्टी फिरवून घ्यावी लागते. ऐन स्पर्धेच्या सकाळी नवा डबा फोडायचा नाही, जसा पाहुणे यायच्या दिवशी नवा तांदूळ शिजत टाकायचा नाही.

साधा छर्रा निवडायचा तोही डोळे मिटून नको. एखाद्या बाळाला गाईचं दूध मानवतं, एखाद्याला नाही, तसंच रायफलीचं आहे. एकीला एका कारखान्याचा छर्रा मानवतो, शेजारच्या तशाच दिसणाऱ्या रायफलीला दुसरा. डोक्याच्या मापातही ४.४९, ४.५०, ४.५१ असे बारीक फरक असतात, चांगल्या डब्यांवर ते छापलेले असतात. म्हणून आधी दोन-तीन जातींचा एकेक डबा मैत्रिणींनी मिळून घ्यावा. सरांना विनंती करावी की रायफल टेकणावर घट्ट ठेवून प्रत्येक जातीचे दहा छर्रे एकाच जागी मारून बघा. ज्याची दहाही भोकं एकमेकांत मिसळून एकच लहानसं भोक दिसेल, तो छर्रा त्या रायफलीचा. पुष्कळदा मधल्या किमतीचा डबा महागाच्या बरोबरीनं उतरतो. तो कागद जपून ठेवा. उद्या कुणी ‘महागाचेच घ्या’ म्हणालं तर कागद पुढे करा. आणि एकदा जात ठरली की डब्यावरचा घाण्याचा क्रमांक, ज्याला लॉट नंबर म्हणतात, तो टिपून त्याच क्रमांकाचे डबे एकदम घ्या.

एकदम घ्यायचे तर पैसे कुठून आणायचे? अहो, भिशी आहे ना आपली! भांडी आणि साड्या झाल्या, आता छर्ऱ्यांची भिशी करा. एका क्लबात आठ-दहा मुलं असली की त्यांच्या आयांनी दरमहा ठरावीक रक्कम काढायची आणि तीन महिन्यांचे डबे एकाच दुकानातून मागवायचे. भाव थोडा उतरतो, आणि नाही उतरला तरी मागवायचा खर्च वाटला जातो. शस्त्रांचा परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या आणि पावती मागा. ज्या शाळा किंवा संस्था खेळाचा खर्च काही अंशी भरून देतात, तिथे पावतीशिवाय कुणी उभं करत नाही. घरासाठी रायफल घ्यायचा विचार असेल तर हेही लक्षात ठेवा. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी जोराच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र लागतं.

छर्रा न उडवताही सराव होतो, हे फार थोड्या आयांना ठाऊक असतं. मुलगी रिकामी रायफल घेऊन उभी राहते, कोऱ्या भिंतीवर किंवा लहानशा काळ्या ठिपक्यावर नेम धरते, श्वास सावरते, घोडा हळूच दाबते. रायफल साडेपाच किलोपर्यंत जड असू शकते. ती हलू न देता पेलणं हेच निम्मं शिक्षण आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. पाच दिवसांतले दोन दिवस हा कोरडा सराव केला तर वरच्या हिशोबातले १५०० छर्रे ९०० वर येतात. साध्या छर्ऱ्यांचे १८०० रुपये होतात १०८०, आणि स्पर्धेच्या डब्याचे ९०० धरूनही सगळा खर्च १९८० वर थांबतो. मात्र दोन गोष्टी पाळा. स्प्रिंगच्या रायफलीचा घोडा छर्ऱ्याशिवाय ओढायचा नसतो, आतला दट्ट्या बिघडतो. कोरड्या सरावाची सोय हवेच्या टाकीच्या स्पर्धेच्या रायफलींत असते, तेव्हा आधी सरांना विचारा. आणि सराव चालू असताना छर्ऱ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत, कुलपात. रायफल रिकामी आहे असं समजूनसुद्धा तिचं तोंड कधीही माणसाकडे करायचं नाही, धाकट्या भावाकडे तर गमतीनंही नाही.

पुढची पायरी ५० मीटरची. तिथे छर्रे संपतात आणि ०.२२ ची काडतुसं सुरू होतात. हा मामला निराळा. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे त्यांना परवाना लागतो, किंवा क्लबच्या परवान्यावर क्लबच्याच देखरेखीखाली मिळतात. बंद रेंजवर नियम तोच, साध्या शिशाची गोळी. तांब्याचं वेष्टन असलेली किंवा आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगानं जाणारी काडतुसं बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. स्पर्धेच्या काडतुसांचा वेग मुद्दामच आवाजाच्या वेगाच्या आत ठेवलेला असतो. खर्च मात्र छर्ऱ्यांच्या कैक पट. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर तीन स्थितींत कांस्यपदक आणलं. त्यांच्या वडिलांनी काडतुसांसाठी कर्ज काढल्याचं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. हे वाचून ऊर भरून येतो खरा, पण कर्ज काढायच्या आधी क्लबच्या चिटणीसांना स्पष्ट विचारा की क्लब महिन्याला किती काडतुसं देतो, कोणत्या भावानं देतो, आणि राज्य संघटनेमार्फत खेळाडूंना आयात काडतुसं कधी मिळतात. आठवीतल्या मुलीला तूर्त एअर रायफल पुष्कळ आहे.

आता मघाशी ‘पुढे सांगते’ म्हटलं होतं ते. पत्रातल्या धाकट्या दोन वर्षांच्या बाळाची मला खरी काळजी वाटते ती यासाठी.

शिसं हे विष आहे. २००० साली आपल्या देशानं पेट्रोलमधून ते काढून टाकलं, ते उगीच नाही. रक्तात शिसं इतकं असलं तर चालेल अशी कोणतीही सुरक्षित पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांच्या अंगात मोठ्यांच्या चार-पाच पट भिनतं आणि त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो. छर्रा नुसता हाताळल्यानं ते कातडीतून फारसं शिरत नाही. शिरतं ते बोटांवरून तोंडात, आणि धुळीतून. म्हणूनच छर्रे ताटलीत किंवा वाटीत ओतायचे नाहीत. पटकन भरता यावेत म्हणून काही मुलं छर्रे ओठांत धरतात, ती सवय दिसली तर तिथल्या तिथे मोडा.

रेंजवर डबा नेता येतो, पण खाऊचा डबा आणि छर्ऱ्यांचा डबा एका पिशवीत नकोत. सराव झाला की खायच्या आधी हात साबण लावून थंड पाण्यानं धुवायचे, नुसतं हातरुमालानं पुसून भागत नाही. घरी आल्याबरोबर कपडे बदलायचे आणि मगच भावाला कडेवर घ्यायचं. हे थोरलीला नीट समजावून सांगा, नाहीतर तिला वाटेल आई भावापासून तोडते आहे. रेंजचे कपडे बाळाच्या लंगोटांबरोबर भिजत घालू नका, वेगळे धुवा. रायफलीचा कोट झटकायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचा. जिथे छर्रे निवडले असतील ती जागाही झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसून घ्या, कारण झाडूनं धूळ उडते आणि बाळाच्या नाकातोंडात जाते. फडकं मग दुसऱ्या कामाला नको. घरात कुणी गरोदर असेल तर छर्रे निवडायचं, कोट पुसायचं काम तिनं करू नये, आणि ०.२२ च्या बंद रेंजवर तर बसायलाही जाऊ नये, कारण काडतुसाच्या धुरातही शिसं असतं.

रेंजवरच्या पेटीत साठलेले चपटे छर्रे पुष्कळ जण घरी आणतात, वितळवून काहीतरी करू म्हणून. स्वयंपाकाच्या शेगडीवर शिसं वितळवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. ते भंगाराच्या भावानं विकायचं काम क्लबनं करावं आणि आलेले पैसे मुलांच्या छर्ऱ्यांत घालावेत. भिशीच्या बायकांनी हा ठराव क्लबपुढे मांडून बघावा.

पावसाळ्यात आणखी एक त्रास होतो, विशेषतः कोकणपट्टीत. डबा उघडा राहिला की छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी धरते. ती मिठासारखी दिसते, पण तेही शिसंच, आणि ते पटकन धुळीत मिसळतं. असे छर्रे पुसून वापरू नका, बंद डब्यात घालून क्लबच्या भंगारात द्या. डबा घट्ट लावून, आत नव्या चपलांच्या खोक्यात मिळणारी ओल शोषणारी पुडी टाकून ठेवला तर वर्षभर टिकतो. लाकडी कपाटात किंवा व्हिनेगरच्या बाटलीजवळ मात्र ठेवू नका, लाकडाच्या आणि आंबटाच्या वाफेनं शिसं लवकर खराब होतं. पत्र्याचं कपाट उत्तम, कुलूप लावलेलं, बाळाचा हात पोचणार नाही इतकं वर.

आहारात दूध, नाचणी, पालेभाज्या, कडधान्यं असू द्या. अंगात कॅल्शियम आणि लोह पुरेसं असलं की शिसं कमी भिनतं, आणि वाढत्या मुलीला ते एरवीही हवंच. नेहमी रेंजवर जाणाऱ्या मुलीच्या रक्तातल्या शिशाची तपासणी वर्षातून एकदा डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. इचलकरंजीच्या बाईंनी यंदा बाळाचीही करून घ्यावी, साध्या रक्ताच्या नमुन्यावर होते. आणि उद्याच घराच्या दाराबाहेर एक मजबूत खिळा ठोकून घ्या. थोरलीची रेंजची पिशवी आणि बूट तिथेच राहतील, घरात येणार नाहीत.